कंठी नाही म्हणजे मादीच, हे कुणी ठरवलं?

यावेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त पोपटांचेच निघाले, आणि त्यातही सगळ्यांचं एकच, आमचा नर का मादी आणि वय किती. कोल्हापुरात दात बघून म्हशीचं वय सांगणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील, पण पोपटाला दात नाहीत त्यामुळं जो तो आपापला अंदाज ठोकून देतोय. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिला. सुटसुटीत उत्तर प्रत्येकाला मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात दारातलं वठलेलं नारळाचं झाड मोडून पडलं, त्याच्या ढोलीत तीन पिल्लं होती, दोन जागीच गेली आणि एक वाचलं. सासूबाईंनी त्याचं नाव मिठू ठेवलं. आता शेजारच्या काकी म्हणतात अजून गळ्यात कंठी आली नाही म्हणजे ही मादी आहे, नाव बदला. घरात रोज यावरनं वाद चाललाय. नक्की काय आहे आणि वय किती धरायचं? (मंगळवार पेठेतल्या एक ताई)

उत्तर : ताई, नाव एवढ्यात बदलू नका. काकींचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. आपल्याकडचा साधा हिरवा पोपट घ्या, कंठी फक्त नरालाच येते हे खरं, म्हणजे हनुवटीखाली काळा पट्टा, तिथनं गालाखालनं मागं जाणारी काळी रेघ आणि मानेच्या मागच्या बाजूला गुलाबी. पण ही कंठी नर जन्माला घेऊन येत नाही. पहिल्या वर्षात नर आणि मादी दोन्ही पिल्लं अगदी सारखी दिसतात, आणि दिसतात ती मादीसारखी. साधारण दीड वर्षानंतर नराच्या हनुवटीखाली एकदोन काळी पिसं डोकावायला लागतात, मग हळूहळू रेघ जुळत जाते, आणि पूर्ण ठसठशीत कंठी व्हायला तीन वर्षं लागतात, काहींना त्याहून थोडं जास्तच. म्हणून कंठी दिसली तर नर, शंभर टक्के, पण कंठी नसली तर एकतर मादी किंवा लहान नर, आणि तुमचा मिठू दोन वर्षांचा म्हणजे बरोबर मधल्या वयात अडकलाय. अजून वर्ष-दीड वर्ष थांबा. साडेतीन वर्षांनंतरही हनुवटी स्वच्छ हिरवी असेल तर मग मादी म्हणायला हरकत नाही.

तोवर एक काम करा, महिन्यातनं एकदा सकाळच्या उजेडात हनुवटीचा जवळून फोटो काढून ठेवा. लोक मानेकडं बघत बसतात आणि सुरुवात होते चोचीच्या खाली, तिथं काळा ठिपका आलेला असतो पण पोपट मान खाली घालून बसतो म्हणून कुणाला दिसत नाही. विशेषतः पिसं झडून नवीन येत असतात तेव्हा नीट बघा कारण नवा रंग नव्या पिसातनंच येतोय, जुनं पीस बसल्या जागी काळं होत नाही. अजून एक, मोठ्या मादीच्या मानेभोवतीही फिकट पोपटी रंगाची पुसट कडी असते, उन्हात ती चांगली उठून दिसते आणि मग घरातलं कुणीतरी ओरडतं की कंठी आली, ती कंठी नव्हे. काळं दिसलं तरच धरायचं.

बोलतोय म्हणजे नर, असंही तुमच्या पत्रात शेवटी लिहिलंय. हिरव्या पोपटात मादीसुद्धा चांगली बोलते, त्यावरनं काही ठरत नाही.

वयाचं म्हणाल तर तुम्ही नशीबवान आहात, तुमच्याकडं तारखेचा पुरावा आहे. हे पोपट आपल्याकडं हिवाळा सरता सरता ढोल्या धरायला लागतात आणि उन्हाळ्यात पिल्लं असतात. पिल्लू सापडलं तेव्हा कसं होतं ते आठवा. पूर्ण उघडं असेल तर आठ-दहा दिवसांचं, अंगावर काटेरी नळ्या असतील तर दोन ते चार आठवड्यांचं, आणि जवळजवळ हिरवंगार झालेलं पण उडता न येणारं असेल तर पाच-सहा आठवड्यांचं, कारण सातव्या आठवड्याच्या आसपास ती ढोली सोडतातच. वळीव ज्या आठवड्यात पडला त्यातनं तेवढे दिवस मागं जावा, जन्माचा पंधरवडा मिळेल. यापेक्षा पक्कं वय कुठलाही डॉक्टर तुम्हाला सांगू शकणार नाही, मीसुद्धा नाही.

आता न आवडणारी गोष्ट. आपल्याकडचे सगळे जंगली जातीचे हिरवे पोपट, म्हणजे हा साधा, खांद्यावर लाल पट्टा असलेला पहाडी, जांभळ्या डोक्याचा, हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात, पाळणं, विकणं, विकत घेणं सगळंच गुन्हा आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या याद्यांत हे पोपट दुसऱ्या शेड्यूलमध्ये आहेत. तुम्ही जीव वाचवायला उचललं हे मला कळतंय, पण कायद्यात त्याला सूट नाही. म्हणून काय करायचं, तर घाबरून एका रात्रीत खिडकी उघडून सोडून देऊ नका, माणसाच्या हातनं खाल्लेल्या पक्ष्याला मांजर म्हणजे काय हेच माहीत नसतं, पहिल्याच दिवशी जातोय. वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा आणि सरळ सगळं सांगा, पुढं काय करायचं ते तेच सांगतील. आणि ज्यांच्या दारात यंदा पिल्लं पडतील त्यांनी हा फोन दोन वर्षांनी नाही, त्याच दिवशी करायचा.

प्रश्न : आमच्या पोपटाची खालची चोच काळी आहे, मित्राच्या पोपटाची लाल आहे. काळी म्हणजे नर असं एकजण म्हणाला. आणि खांद्यावर लाल डाग फक्त नरालाच असतो का? (इचलकरंजीहून एक वाचक)

उत्तर : दोन्ही नाही. साध्या हिरव्या पोपटात दक्षिणेकडच्या पक्ष्यांची खालची चोच काळसर असते आणि उत्तरेकडच्यांची लालसर, तिथं प्रांताचा फरक आहे, नर-मादीचा नाही. म्हणजे तुमच्या मित्राचा पोपट बहुतेक कुणीतरी लांबनं आणून विकलेला आहे, यावर त्याला जरा विचारा. खांद्यावरचा लाल पट्टा पहाडी पोपटाची खूण, तो मोठ्या नराला असतो तसा मादीलाही असतो, पिल्लात फिका असतो किंवा दिसतच नाही. पहाडीतही ठरवते ती कंठीच, आणि तिथंही तेवढंच थांबावं लागतं. चोचीवरनं एकच गोष्ट कळते, नुकत्या उडायला लागलेल्या पिल्लाची वरची चोच फिकट गुलाबी असते आणि पुढं पुढं लालभडक होत जाते. डोळ्याचंही तसंच, पिल्लाचा डोळा सगळा काळा दिसतो आणि मोठ्याच्या बाहुलीभोवती पांढरट पिवळी कडी येते. पण ही झाली वर्षाच्या आतली गोष्ट, एकदा कडी आली की पोपट दोन वर्षांचा आणि बारा वर्षांचा डोळ्यात सारखाच.

प्रश्न : सर मी नववीत आहे. वाढदिवसाला बाबांनी लव्हबर्डची जोडी आणली, एक निळा आणि एक पूर्ण पिवळा लाल डोळ्यांचा. दुकानदार म्हणाला जोडी आहे पण आठ महिने झाले अंडी नाहीत आणि दोघं सारखी भांडतात. नर-मादी कसं ओळखायचं आणि त्यांचं वय किती असेल? (राजारामपुरी)

उत्तर : मित्रा, पहिल्यांदा एक दुरुस्ती, तू वर्णन केलंयस ते आणि फोटोत दिसतंय ते लव्हबर्ड नाहीत, ती बजी आहेत, ऑस्ट्रेलियातली. आपल्याकडं पेट शॉपवाले सर्रास बजीलाच लव्हबर्ड म्हणून विकतात त्यामुळं अख्ख्या गावाला तसंच वाटतंय. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, जाडजूड, शेपूट आखूड. तुझ्यासाठी ही चांगली बातमी आहे, कारण मोठी झालेली बजी ओळखणं सोपं असतं. चोचीच्या वर जिथं नाकपुड्या असतात तिथला मऊ भाग बघायचा, सगळे त्याला नाकच म्हणतात. मोठ्या नराचं नाक गडद निळं आणि गुळगुळीत. मोठ्या मादीचं नाक तपकिरी, अंडी घालायच्या काळात ते खरखरीत जाड होतं, आणि एरवी ते फिकट पांढरट निळं पडू शकतं. इथंच लोक फसतात, फिकट निळं बघून नर म्हणतात. त्यासाठी नाकपुडीच्या भोकाभोवती बघ, तिथं पांढरी कडा असेल तर मादी. पिल्लांमध्ये जरा अवघड जातं, नर पिल्लाचं नाक सगळीकडं एकसारखं गुलाबी-जांभळं आणि मादीचं फिकट निळसर, भोकाभोवती पांढरं, पण हे अगदी शेजारी शेजारी धरून बघितलं तर कळतं.

आता तुझा पिवळा. लाल डोळ्यांचा पूर्ण पिवळा म्हणजे लुटिनो, आणि लुटिनो, अल्बिनो अशा रंगांत नराचं नाक मोठेपणीही निळं होतच नाही, आयुष्यभर गुलाबी-जांभळंच राहतं. म्हणून त्यात निळं शोधत बसू नकोस, तपकिरी किंवा खरखरीत आहे का एवढंच बघ. फोटोत मला ते गुळगुळीत गुलाबी दिसतंय आणि निळ्याचं नाक तर सरळच निळं आहे, म्हणजे तुझ्या घरात बहुतेक दोन दादा आहेत, अंडी कुठनं येणार! दुकानदाराला शिव्या देऊ नकोस, पिल्लं असताना घेतली तर त्यालाही अंदाजच करावा लागतो, मात्र जोडी आहे असं छातीठोकपणे सांगायला नको होतं. बाकी दोन नर एकत्र आरामात राहतात, भांडण होतंय ते खाण्याच्या वाटीवरनं असेल, अजून एक वाटी लाव आणि बघ.

वयाचं, बजीच्या पिल्लाच्या कपाळावर बारीक आडव्या काळ्या रेघा पार नाकापर्यंत आलेल्या असतात. तीन-चार महिन्यांनी पहिल्यांदा पिसं बदलतात तेव्हा कपाळ स्वच्छ होतं. आणली तेव्हाचा निळ्याचा फोटो काढ, रेघा नाकापर्यंत असतील तर तेव्हा तो चार महिन्यांच्या आतला होता, त्यात तुझे आठ मिळव. पिवळ्यात या रेघा दिसणार नाहीत आणि त्याच्या लाल डोळ्यावरनंही फारसं काही कळणार नाही. पायात बंद कडी असेल तर तिच्यावर वर्ष कोरलेलं असू शकतं, ती बघ. आणि एक लक्षात ठेव, निळ्या नाकाचा नर पुढं कधी अचानक तपकिरी नाकाचा व्हायला लागला तर तो मादी झालेला नसतो, पोटात वृषणाची गाठ असायची शक्यता असते, तेव्हा थांबायचं नाही, घेऊन यायचं.

प्रश्न : राखाडी रंगाचा कॉकटेल आहे, दुकानातनं आणून पाच महिने झाले, गालावर केशरी ठिपका आहे पण तोंड पिवळं नाही. नर आहे असं सांगून दिलाय. (उजळाईवाडी)

उत्तर : सांगून दिलाय म्हणजे अंदाजानं दिलाय. राखाडी कॉकटीलमध्ये (डोक्यावर तुरा असलेला ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट, सगळे कॉकटेल म्हणतात, म्हणू दे) पिसं पहिल्यांदा बदलेपर्यंत सगळी पिल्लं मादीसारखीच दिसतात. सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान नराचं तोंड पिवळंधमक होतं, गालावरचा केशरी ठिपका भडक होतो आणि शेपटीच्या खालचे आडवे पट्टे जाऊन तिथं एकसारखा गडद रंग येतो. मादीच्या शेपटीखाली पट्टे तसेच राहतात आणि पंख पसरला की आतल्या बाजूला पिवळे ठिपके दिसतात. आवाजाकडंही कान ठेवा, लांबच लांब शिट्टी मारणारा, आरशासमोर खांदे बाहेर काढून तोरा दाखवणारा बहुतेक नर असतो, मादी तुलनेनं गप्प. बहुतेक म्हणतोय हं, शिट्टी मारणाऱ्या माद्याही असतात. ज्यांचा कॉकटील पिवळा-पांढरा आहे त्यांनी शेपटीचं पीस उजेडाकडं धरून बघावं, मादी असेल तर पांढऱ्यावर फिकट पिवळे पट्टे दिसतात. आणि ज्यांचा कबरा आहे, म्हणजे मधेच राखाडी मधेच पांढरा, त्यांनी दिसण्यावरनं ठरवायच्या नादाला लागूच नये.

प्रश्न : खऱ्या लव्हबर्डच्या तीन जोड्या आहेत. एक जुने पक्षीवाले पक्षी हातात उलटा धरून पोटाखालचं हाड बोटानं चाचपतात आणि नर-मादी सांगतात. हे बरोबर असतं का? डीएनए टेस्टला पैसे घालवायचे का? (शाहूपुरी)

उत्तर : हाडाची पद्धत अगदीच खोटी नाही, म्हणूनच ती इतकी वर्षं टिकलीय. शेपटीच्या अलीकडं कमरेची दोन हाडं टोकासारखी लागतात, अंडं बाहेर यायला जागा पाहिजे म्हणून मादीत ती एकमेकांपासून लांब असतात आणि नरात अगदी जवळ. पण ती मोकळी होतात मादी अंड्यावर आली की. एरवी किंवा लहान वयात मादीची हाडंसुद्धा नरासारखी जवळ लागतात. म्हणजे या पद्धतीनं मादी म्हटलं तर बऱ्यापैकी विश्वास ठेवा, नर म्हटलं तर ठेवू नका. माझा विरोध दुसऱ्याच गोष्टीला आहे. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो, तो छातीचं हाड पुढं-मागं हलवूनच श्वास घेतो, त्यामुळं छातीला मुठीत आवळलं की नाकतोंड मोकळं असूनही तो गुदमरतो. पन्नास ग्रॅमचा जीव, भीतीनं आधीच अर्धमेला झालेला, आणि वरनं तीन माणसं आळीपाळीनं बोट लावून बघणार. असं करू नका.

लव्हबर्डमध्ये, निदान तुमच्याकडं आहेत त्या गुलाबी तोंडाच्या जातीत, रंगावरनं काहीच कळत नाही. घरच्या घरी करायची एक गंमत आहे, जुन्या कॅलेंडरचा कागद आत टाका, मादी चोचीनं त्याच्या लांब सरळ पट्ट्या कापते आणि कमरेच्या पिसांत खोचून घरट्याकडं नेते. नरही कधी कधी नक्कल करतात पण त्यांच्या पट्ट्या वाटेतच गळून पडतात. यावरनं अंदाज येतो, पैजेवर लावू नका. आणि दोन माद्या एकत्र आल्या की दोघी मिळून अंडी घालतात, घरट्यात एकदम आठ-दहा रिकामी अंडी दिसली तर समजून जावा.

पक्कं पाहिजे तर मात्र डीएनएच, आणि काही शे रुपयांत होतंय, एका चुकीच्या जोडीवर वर्ष घालवण्यापेक्षा परवडतं. यामागचं शास्त्र छान आहे. माणसात एक्स-वाय ही गुणसूत्रं तशी पक्ष्यात झेड आणि डब्ल्यू, पण उलटं, नराकडं दोन झेड आणि मादीकडं एक झेड एक डब्ल्यू. म्हणजे पिल्लू नर होणार का मादी हे पक्ष्यात आईच्या अंड्यावर ठरतं. माणसात ते बापावर ठरतं, तरी आपल्याकडं बोलणी सुनेलाच, असो. लॅबमध्ये डब्ल्यूचा तुकडा सापडतोय का ते बघतात, त्यामुळं पक्षी महिन्याचा असो नाहीतर दहा वर्षांचा, उत्तर तेच येतं. नमुना म्हणून छातीवरची चार-पाच ताजी उपटलेली पिसं देठासकट लागतात, किंवा नखाच्या टोकातनं रक्ताचा एक थेंब. पिंजऱ्याच्या तळाला पडलेली पिसं भरवशाची नसतात, ती कुणाची पडलीत हेही माहीत नसतं आणि देठात काही उरलेलं नसतं. पंखाची किंवा शेपटीची वाढती पिसं उपटू नका, रक्त थांबत नाही. देठाला बोट लावू नका, एका पाकिटात एकच पक्षी, वर त्याच्या कडीचा नंबर. सहा पक्ष्यांची पिसं एका कागदात गुंडाळून आणणारे लोकही बघितलेत. आणि टेस्टमधनं वय कळत नाही, ते विचारू नका.

प्रश्न : आजोबांच्या वेळचा पोपट आहे, गळ्यात कंठी आहे, नर आहे हे माहीत आहे. घरातले कुणी तीस वर्षांचा म्हणतात कुणी चाळीस. चोच फार वाढलीय, वयामुळं असेल का? रोज भाकरी आणि ठेचा खातो. (कागलजवळचे एक शेतकरी)

उत्तर : काका, नराचं आता कुणाला सांगावं लागणार नाही. वयाला मात्र पक्ष्याच्या अंगावर पुरावा उरत नाही, पायाची कातडी जाड खवलेदार होते, नखं वळतात, डोळ्यात मोतीबिंदू येतो, फांदी धरताना बोटं आखडतात, यावरनं म्हातारा म्हणता येईल पण किती म्हातारा ते नाही. तुम्ही पुरावा घरात शोधा. घरातल्या लग्नाचे, बारशाचे जुने अल्बम काढा, कुठल्या तरी फोटोत मागं पिंजरा दिसणारच. सगळ्यात जुना फोटो मिळाला की त्यात कंठी आहे का बघा, असेल तर त्या दिवशी तो निदान दोन-तीन वर्षांचा होता, नसेल तर बहुतेक त्याच्या आतला. फोटोची तारीख घरच्यांना पाठच असते. साधा पोपट पिंजऱ्यात पंचवीस-तीस वर्षं काढू शकतो, त्यामुळं तीस ऐकून मला नवल नाही, चाळीस म्हणाल तर आधी अल्बम दाखवा.

चोच वाढणं हे वयाचं लक्षण धरू नका. बहुतेक वेळा ते खाण्याचं आणि लिव्हरचं दुखणं असतं, कुरतडायला लाकूड नसणं हेही असतं. ठेच्याच्या तिखटाचं म्हणाल तर त्याला ते लागतच नाही, पक्ष्यांना मिरचीची आग जाणवत नाही, मिरची पोपटाला द्यायला हरकतही नाही, पण ठेच्यातलं मीठ आणि तेल त्याच्या लिव्हर-किडनीला झेपत नाही. नुसती मिरची द्या, पेरू द्या, कोवळं कणीस द्या. चोच घरी नेलकटरनं कापू नका, आत रक्तवाहिनी असते. आणि कायद्याचं वर ताईंना लिहिलंय ते तुम्हालाही लागू आहे, आजोबांच्या वेळचा असला तरी. १९२६ ला फोन करून या पक्ष्याच्या वयाची आणि तब्येतीची कल्पना द्या.

प्रश्न : राधानगरीच्या जंगलात पोपटांचा थवा बघितला, निळसर पंखांचे होते, काहींची चोच लाल आणि काहींची काळी. लहान-मोठे होते का? (हौशी पक्षीनिरीक्षक, कळंबा)

उत्तर : ते सह्याद्रीतले निळ्या पंखांचे मलबारी पोपट, पश्चिम घाट सोडून जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. वर चोचीवरनं नर-मादी कळत नाही असं लिहिलं, इथं मात्र कळतं, मोठ्या नराची वरची चोच लाल आणि मादीची काळी. त्याच भागात जांभळ्या डोक्याचे छोटे पोपटही दिसतील, त्यातलं जांभळं-गुलाबी डोकं नराचं, मादीचं डोकं राखाडी आणि गळ्याशी पिवळसर, आणि हिरवट डोक्याचे दिसले तर ती पिल्लं. पिंजऱ्याजवळ उभं राहून डोकं खाजवण्यापेक्षा दुर्बिणीतनं हे बघणं मला तरी जास्त आवडतं.

प्रश्न : आफ्रिकन ग्रे घ्यायचा विचार आहे. विकणारा दीड वर्षाचा नर म्हणतोय. (ताराबाई पार्क)

उत्तर : डोळा बघा. ग्रेच्या पिल्लाचा डोळा गडद काळपट, मग करडा, मग हळूहळू फिकट पिवळा होतो आणि पूर्ण पिवळा व्हायला काही वर्षं जातात. स्वच्छ पिवळ्या डोळ्याचा पक्षी दाखवून दीड वर्ष सांगत असेल तर उठून यायचं. नर-मादी दिसण्यावरनं नाही, डीएनएचा कागद मागा आणि त्यावरचा नंबर पायातल्या कडीशी जुळवा, न जुळणारे कागद फिरत असतात. ग्रेवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची सगळ्यात कडक बंधनं आहेत आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा परदेशी पक्ष्यांची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. नोंदीचे कागद नंतर देतो म्हणणाऱ्याकडनं घेऊ नका. चाळीस-पन्नास वर्षं जगणारा पक्षी आहे, तुमच्यानंतर कोण सांभाळणार हेही घरात बोलून घ्या.

प्रश्न : आमचा कॉकटील राजा, चार वर्षं नर समजून सांभाळला, एकटाच आहे. काल सकाळी पिंजऱ्यात अंडं. आज काय करू? (रुईकर कॉलनी)

उत्तर : राजा मादी आहे, इतका पक्का निकाल लॅबसुद्धा देत नाही. नर नसतानाही मादी अंडी घालते, कोंबडीचं बघतोच की आपण, त्यातनं पिल्लू निघणार नाही. अंडं लगेच उचलू नका, उचललं की ती भरून काढायला अजून घालत बसते आणि अंगातलं कॅल्शियम संपवते. एक दिवसाआड अजून तीन-चार येतील, त्यावर तीनेक आठवडे बसू द्या, कंटाळून ती स्वतःच उठेल, मग काढा. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्याला बांधा, हिरवी पालेभाजी वाढवा. आरसा, खोका, कोपऱ्यातलं फडकं, जे काही घरट्यासारखं वाटेल ते काढून टाका आणि संध्याकाळी लवकर पिंजरा झाका, रात्री अकरापर्यंत टीव्हीच्या उजेडात बसवलं तर तिला अंड्याचा मोसमच वाटत राहतो. यात एकच गोष्ट तातडीची आहे, ती अंग फुगवून पिंजऱ्याच्या तळाला बसली, शेपूट श्वासाबरोबर वरखाली होतेय, जोर करतेय पण अंडं येत नाही, असं दिसलं तर ते अडकलंय. तेल लावू नका, पोट दाबू नका, आत फुटलं तर ती जाते. खोक्यात ऊब द्या आणि तासाभरात डॉक्टरकडं पोचा, रात्र असली तरी.